विवेकवर्धिनीतली हुर्यो

नोव्हेंबर १९२१. हैदराबादेत विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात निजाम राज्यातली समाजसुधारणा परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे. वय त्रेसष्ट, महिला विद्यापीठ काढून पाच वर्षं झालेली. त्यांच्यासारखा अध्यक्ष लाभला म्हणून हैदराबादच्या मराठी मंडळींची मान ताठ व्हावी असाच तो प्रसंग. भाषणं इंग्रजीत झाली, उर्दूत झाली, मराठीत झाली. लोकांनी शांतपणे ऐकली. मग आलमपल्ली वेंकटरामराव नावाचे वकील एका ठरावावर बोलायला उभे राहिले आणि त्यांनी तेलुगूत सुरुवात केली. सभागृहात खसखस पिकली, टाळ्या पिटल्या गेल्या, गोंगाट झाला. वकीलसाहेबांची हुर्यो उडाली.

शहर कुणाचं, तर तेलुगू मुलखातलं. राज्याच्या लोकसंख्येत तेलुगू बोलणारे जवळजवळ निम्मे, मराठी बोलणारे चौथा हिस्सा, उर्दूवाले दहा टक्क्यांच्या आसपास. आणि त्या राज्याच्या राजधानीत, समाजसुधारणेच्या व्यासपीठावर, निम्म्या रयतेची भाषा हसण्यावारी गेली.

दुखावलेली तेलुगू मंडळी त्यानंतर टेकुमाल रंगारावांच्या घरी जमली. डझनभर माणसं असतील नसतील. तिथे 'आंध्र जनसंघम' या संस्थेचा जन्म झाला. तिच्या मुळाशी असलेले माडपाटी हनुमंतराव पुढे 'आंध्र पितामह' म्हणून ओळखले गेले आणि हैदराबादचे पहिले महापौर झाले. जनसंघमच्या शाखा गावोगाव पसरल्या, ग्रंथालयं निघाली, आणि १९३० साली जोगीपेठला सुरवरम प्रतापरेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली आंध्र महासभेचं पहिलं अधिवेशन भरलं. तेलंगणातल्या पुढच्या सगळ्या राजकारणाचा, कम्युनिस्टांच्या सशस्त्र लढ्यासकट, माग काढत गेलं की ती वाट या महासभेवरून जाते. आणि महासभेची वाट विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहातून येते. तेलंगणातला स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी ही सभा पाठ करतो. मराठी वाचकाला ती सहसा ठाऊकच नसते.

यात मराठी माणसानं मुद्दाम काही लपवलं असं म्हणायचं कारण नाही. विसरायला कट लागत नाही. गोष्ट सांगण्याची एक सवय पुरते. हैदराबादची मराठी गोष्ट सांगायची एक ठरलेली चाल आहे. निजाम जुलमी, उर्दूची सक्ती, मराठी शाळांची गळचेपी, रझाकारांचा धुमाकूळ, मग लढा आणि मुक्ती. यातलं काही खोटं नाही. पण या चालीत मराठी कायम मार खाणाऱ्याच्या जागी उभी असते, आणि एका सभेत तिनं दुसऱ्या भाषेला मारलेला टोमणा बसवायला या गोष्टीत खुंटीच नाही.

चाल जुनी आहे, आणि ती एका शब्दापासून सुरू होते: मोगलाई. दिल्लीच्या बादशहाचा दख्खनचा सुभेदार म्हणून आलेला निजाम-उल-मुल्क १७२४ नंतर जवळपास स्वतंत्र झाला, तरी पेशव्यांच्या दप्तरात तो आणि त्याचे वंशज 'मोगल' किंवा 'नबाब'च राहिले, आणि त्यांचा मुलूख मोगलाई. दिल्लीतली मोगलांची गादी खिळखिळी झाली, १८५७ नंतर संपली. पण नगर-सोलापूरकडच्या माणसाला शिवेपलीकडचं गाव 'मोगलाईतलं'च. हळूहळू शब्दाला दुसरा अर्थ चिकटला. कायदा धाब्यावर बसला की आजही मराठी माणूस विचारतो, ही काय मोगलाई आहे का? म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांतले लाखो मराठी लोक ज्या घरात राहत होते, त्या घराचं नाव शेजारच्या मराठीत अंदाधुंदीचा समानार्थी शब्द होऊन बसलं. राजधानीला मात्र बखरी वेगळंच नाव देतात, भागानगर. १६७७ साली शिवाजी महाराज कुतुबशहाच्या भेटीला गेले ते या भागानगरास. शहराचं हे नाव कुणा भागमतीवरून पडलं की बागांवरून, यावर इतिहासकार अजून भांडतात, आणि आता राजकारणीही.

मोगलाईतल्या मराठी माणसाचं स्वतःचं चित्र इतकं सरळ नव्हतं. दरबारात राय रायान हे मराठी ब्राह्मण घराणं पिढ्यानपिढ्या दफ्तरदार होतं; शाहअलीबंड्याकडे त्यांची देवडी. निजामाच्या हिशेबाची, जमिनीच्या कागदांची सूत्रं अशा घराण्यांच्या हाती. खेड्यापाड्यांत कुलकर्णी-देशपांडे मोडीत वहीखातं ठेवत आणि वर पाठवायचा कागद फारशीत जाई. दिवाण सालारजंगांच्या सुधारणांनंतर, १८८४ च्या सुमारास, फारशीच्या जागी उर्दू आली. तेव्हा मराठी कारकुनानं कपाळाला हात लावला की नाही हे सांगता येत नाही, पण तो उर्दू शिकला हे नक्की. वकील शिकले, शिक्षक शिकले. मराठवाड्याच्या बोलीत मोहतमीम, गिरदावर, अव्वल तालुकदार असे शब्द मुरले ते तेव्हापासून. 'तालुकदार' म्हणजे जिल्ह्याचा कलेक्टर, तालुक्याचा नव्हे, हे पुण्याच्या माणसाला समजावून सांगावं लागे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरातली मराठी वस्ती शिकलेली, बोलकी आणि संस्था काढण्याच्या हौसेची होती. केशवराव कोरटकर वकील, पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती. वामनराव नाईक जहागीरदार आणि पुढारी. अशा मंडळींच्या पाठबळावर १९०७ साली विवेकवर्धिनी शाळा उभी राहिली, जांबागेत. १९२० मध्ये लक्ष्मणराव फाटकांनी मराठी साप्ताहिक काढलं. त्याचं नाव 'निजाम विजय'. नावातच सगळी तडजोड आहे. वर निजामाचा जयजयकार, आत मराठी रयतेची गाऱ्हाणी. असं नाव ठेवण्यात भीती किती, धूर्तपणा किती आणि खरीखुरी राजनिष्ठा किती, हे त्या काळच्या मराठी हैदराबादकरालाही चटकन वेगळं करून सांगता आलं नसतं.

या वस्तीला पुण्या-मुंबईचं वारं लागलेलं होतं. सुधारणा, परिषद, ठराव, अध्यक्षीय भाषण हा सगळा सरंजाम तिकडून आलेला. आणि त्याबरोबर एक समजही आला असावा, की सुधारणेची भाषा इंग्रजी, नाहीतर मराठी, आणि दरबाराची उर्दू. तेलुगू ही बाजारात भाजीवाल्याशी आणि घरात गड्याशी बोलायची. १९२१ च्या सभेत हसणाऱ्यांनी तेलुगूचा द्वेष केला असं म्हणणं फार होईल. त्यांना ती व्यासपीठावर उभी राहिलेली पाहून गंमत वाटली. ऐकणाऱ्याला मात्र द्वेषापेक्षा ही गंमतच जास्त झोंबते. आपलीच भाषा पुण्यातल्या एखाद्या शिष्टानं 'मोगलाईतली मराठी' म्हणून हसण्यावारी नेली की मराठवाड्याच्या माणसाला काय वाटतं, ते या मंडळींना कळायला हवं होतं.

वास्तविक त्याच शहरात मराठी आणि तेलुगू एका माणसाच्या डोक्यात सुखानं नांदत होत्या. कोमर्राजु लक्ष्मणराव हे त्याचं ठळक नाव. जन्म १८७७ चा, तेलुगू घरातला; पण थोरल्या बहिणीकडे, भंडारू अच्चमांबांकडे, नागपुरात राहून शिकले, मराठीत लिहू लागले. अच्चमांबा स्वतः तेलुगूतल्या सुरुवातीच्या कथालेखिका. त्यांची 'धनत्रयोदशी' ही कथा १९०२ ची. मराठी मुलखात राहून, मराठी मासिकांचं युग जवळून पाहून ही भावंडं तेलुगूसाठी कामाला लागली. १९०१ साली हैदराबादेत श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय निघालं, त्याच्या उभारणीत लक्ष्मणराव होते. १९०६ मध्ये त्यांनी विज्ञान चंद्रिका मंडळी काढून इतिहास-विज्ञानाची तेलुगू पुस्तकं छापायला घेतली, आणि मग एकट्याच्या जिवावर तेलुगू ज्ञानकोशाचा संकल्प केला. १९२३ मध्ये ते गेले तेव्हा काम अर्धवटच होतं. मराठी ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांचे तेवीस खंड पुढच्या काही वर्षांत पुरे झाले, आणि १९३१ साली हैदराबादेत मराठी साहित्य संमेलन भरलं त्याचे अध्यक्ष केतकरच. म्हणजे एकाच शहरात, तीस वर्षांच्या अंतरानं, एका भाषेचा कोशकार ग्रंथालय उभारून गेला आणि दुसऱ्या भाषेचा अध्यक्षपद भूषवून गेला. पहिल्याची शिदोरी मराठी मुलखातून आली होती.

दुखावलेली भाषा काय करते, याचं एक सुरेख उदाहरण १९३४ चं आहे. निजाम राज्यात तेलुगू कवी नाहीतच, अशा अर्थाचं काहीतरी कुणीतरी लिहिलं. 'गोलकोंडा पत्रिके'चे संपादक सुरवरम प्रतापरेड्डी चिडले. पण अग्रलेखावर भागवण्याऐवजी त्यांनी कवी गोळा केले. गावोगाव पत्रं धाडून ३५४ कवींच्या रचना जमवल्या आणि 'गोलकोंड कवुल संचिक' नावाचा जाडजूड ग्रंथ छापला. यादी हेच उत्तर. नाव, गाव, कविता; पुढे बोला.

मराठीची गाऱ्हाणीही काही कमी नव्हती. 'गश्ती निशाण ५३' या फर्मानानं सभा भरवायची तर आधी सरकारी परवानगी हवी असं केलं. म्हणून निजाम राज्यातल्या लोकांच्या राजकीय परिषदा राज्याबाहेर भरू लागल्या: १९२३ ला काकीनाडा, १९२६ ला मुंबई, १९२८ ला पुणे, १९३१ ला अकोला. आपल्या घरचं रडगाणं शेजारच्या ओसरीवर जाऊन गायचं. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषद भरली. तेलुगूंची आंध्र महासभा, कानडींची कर्नाटक परिषद आणि मराठींची ही, अशी तीन भाषांची तीन घरं झाली. धर्मावरून किंवा संस्थानावरून नव्हे, भाषेवरून. १९२१ ची हुर्यो इथवर पोचली होती.

उस्मानिया विद्यापीठ हा या सगळ्यातला अवघड अध्याय. १९१८ साली स्थापन झालेलं, आणि वैद्यकापासून गणितापर्यंत सगळं उर्दूतून शिकवणारं. हिंदुस्थानात इतरत्र बहुतेक विद्यापीठं इंग्रजीतून चालत असताना देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हा केवढा तरी धाडसी प्रयोग होता. त्याआधी भाषांतराचं स्वतंत्र खातं काढून मौलवी अब्दुल हक यांच्यासारख्या विद्वानाच्या देखरेखीखाली हजारो पारिभाषिक शब्द घडवले गेले. उर्दूवाला उस्मानियाची गोष्ट अभिमानानं सांगतो आणि त्याचं बरोबर आहे. मराठवाड्यातून गेलेला विद्यार्थी तीच गोष्ट सक्ती म्हणून सांगतो आणि त्याचंही बरोबर आहे, कारण ती देशी भाषा त्याच्या देशाची नव्हती. १९३८ च्या अखेरीस वसतिगृहांतल्या मुलांनी 'वंदे मातरम्' म्हणायचं ठरवलं, बंदी आली, मुलं काढली गेली. नागपूर विद्यापीठानं त्यांना आसरा दिला. नागपूरला गेलेल्यांत करीमनगरकडचा एक तेलुगू मुलगा होता, पी. व्ही. नरसिंहराव. पुढे पंतप्रधान झालेल्या या माणसाचं मराठी इतकं पक्कं की हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यांनी 'अबला जीवितम्' या नावानं तेलुगूत नेली. केशवपनाला भिणाऱ्या यमूची गोष्ट तेलुगू वाचकाला एका बडतर्फ विद्यार्थ्याच्या नागपुरी वनवासातून मिळाली असं म्हटलं तर ती थोडी ओढाताण होईल, पण फार नाही.

आणि ज्या विद्यापीठावरून एवढं रामायण झालं, त्याची उर्दू १९४८ नंतर गेली तेव्हा तिच्या जागी ना तेलुगू आली, ना मराठी. इंग्रजी आली.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा निजामाच्या हद्दीत शिरल्या आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. पाच दिवसांचं प्रकरण. पण त्याला नावं किती! सरकारी कागदांत 'पोलीस ॲक्शन', म्हणजे लष्करानं केलेलं काम पोलिसांच्या नावावर, कारण युद्ध म्हटलं की दोन देश आले. मराठवाड्यात तो 'मुक्तिसंग्राम', आणि १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. स्वामी रामानंद तीर्थांपासून खेड्यातल्या अनाम सत्याग्रह्यांपर्यंत अनेकांनी वर्षानुवर्षं तुरुंग भोगला होता, तेव्हा त्यांना नुसतं 'ॲक्शन' कसं पुरावं? शेजारी कर्नाटकातल्या जिल्ह्यांत 'विमोचन', आणि २०१९ पासून त्या टापूचं नावच 'कल्याण कर्नाटक'. तेलंगणात मात्र शब्दावरून दरवर्षी कुस्ती. २०२२ साली केंद्रानं परेड ग्राउंडवर 'मुक्ती दिन' पाळला आणि त्याच दिवशी राज्य सरकारनं 'राष्ट्रीय एकात्मता दिन'; २०२४ मध्ये नव्या सरकारनं त्याला 'प्रजापालन दिन' केलं. तारीख तीच, झेंडा तोच, पाटी वेगळी.

उर्दूत या घटनेला 'सुकूत-ए-हैदराबाद' म्हणतात. सुकूत म्हणजे पाडाव. गंमत अशी की उर्दूत आणखी एक सुकूत आहे, वेगळ्या अक्षरांनी लिहायचा, त्याचा अर्थ गप्प होणं. देवनागरीत लिहिलं की दोन्हींत काडीचा फरक उरत नाही. हैदराबादच्या मुसलमानांसाठी १९४८ हे खरोखरच दोन्ही होतं. पंडित नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं त्या वर्षाच्या अखेरीस संस्थानात हिंडून अहवाल दिला. फौजा आल्यानंतरच्या कत्तलींत किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेली असावीत असा तिचा अंदाज होता, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. मराठवाड्यातल्या घराघरांत रझाकारांनी जाळलेल्या गावांच्या गोष्टी आजीनं नातवाला सांगितल्या, आणि त्या खऱ्या आहेत. लातुरात वकिली करणारा रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी कोण होता हे तिथल्या पोराला सांगावं लागत नाही. त्यानंतरच्या आठवड्यांच्या गोष्टी मात्र दुसऱ्या घरांत, दुसऱ्या भाषेत सांगितल्या गेल्या, बऱ्याचदा दबक्या आवाजात. रझाकारांविरुद्ध लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये एका रात्री ज्याचा खून झाला, तो 'इमरोज'चा संपादक शोएबुल्ला खान उर्दूतच लिहीत होता. त्याला या दोन्ही गोष्टींत धड जागा मिळत नाही.

शब्दांचं असं फाटणं एका साध्या आडनावातही दिसतं. मराठीत 'देशमुख' म्हटलं की आपल्याला कुणी नट, मंत्री किंवा शेजारचे काका आठवतात. तेलंगणात देशमुख म्हणजे गढीतला जमीनदार, फुकट राबवून घेणारा. विसनूरचा देशमुख रामचंद्र रेड्डी हा तेलुगूच. पण हुद्द्याचं नाव मराठी मुलखातलं. ४ जुलै १९४६ ला कडवेंडी गावात त्याच्या माणसांच्या गोळीला दोड्डी कोमरय्या बळी पडला आणि तेलंगणाचा सशस्त्र लढा भडकला. त्या लढ्याच्या तेलुगू गाण्यांत आणि गोष्टींत खलनायकाचा हुद्दा 'देशमुख' आहे. आपल्याकडच्या एखाद्या देशमुखाला वारंगळच्या म्हाताऱ्यासमोर आडनाव सांगताना हे ठाऊक असलेलं बरं.

१ नोव्हेंबर १९५६. हैदराबाद राज्य तीन तुकड्यांत वाटलं गेलं: पाच मराठी जिल्हे मुंबई राज्यात, कानडी जिल्हे म्हैसूरमध्ये, उरलेलं नव्या आंध्र प्रदेशात. नरहर कुरुंदकरांच्या पुस्तकाचं नाव आहे 'हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन'. एक १९४८ चं आणि दुसरं १९५६ चं, असं ते वाचता येतं. कुरुंदकर शिकायला हैदराबादेत राहिले ते मामांकडे. मामा म्हणजे ना. गो. नांदापूरकर, उस्मानियातले मराठीचे प्राध्यापक. मराठवाड्यातल्या त्या पिढीला राजधानी म्हणजे मुंबई नव्हती. कॉलेज हैदराबादला, हायकोर्ट हैदराबादला, दवाखाना हैदराबादला, सिनेमा हैदराबादला. एका सकाळी ते परराज्य झालं. मराठी भाषकांच्या एका राज्याची मागणी त्यांचीच होती, म्हणून तक्रार तरी कुणाकडे करायची? गेलेल्या राजधानीचा हळवेपणा मुक्तिसंग्रामाच्या गोष्टीत बसत नाही, त्यामुळे तोही फारसा लिहिला गेला नाही. सेतुमाधवराव पगडींसारखा एखादा अपवाद. निजामाच्या नोकरीत आदिलाबादच्या जंगलात गोंडी शिकलेला, फारशी कागद मराठीत आणणारा, गालिबवर जीव टाकणारा हा निलंग्याचा माणूस कुठल्याच एका चौकटीत मावला नाही, आणि म्हणून त्याचं लेखन अजून ताजं वाटतं.

शहरात राहिलेल्या मराठी माणसांनी काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजारात आपला संसार चालू ठेवला. मराठी ग्रंथसंग्रहालय चाललं, मराठी साहित्य परिषदेचं 'पंचधारा' त्रैमासिक निघालं, शाळांतले मराठीचे वर्ग रोडावत गेले. १९२१ मध्ये ज्या भाषेत बोलल्याबद्दल माणसाचं हसं झालं, ती आता रस्त्याची, सरकारची, पोटापाण्याची भाषा झाली. मराठी घरातली नातवंडं तेलुगूत भांडतात आणि इंग्रजीत परीक्षा देतात. तेलुगूच्या वाट्यालाही एक वळसा आलाच. १९२१ ला 'आंध्र' हे नाव छातीठोकपणे लावणाऱ्यांच्या नातवंडांनी तेच नाव नको म्हणून १९६९ पासून आंदोलनं केली आणि २ जून २०१४ ला तेलंगण वेगळं काढलं. भाषा एक असली तरी हेटाळणी होऊ शकते, ही त्यांची तक्रार होती: सिनेमात तेलंगणी बोली फक्त गुंडाच्या आणि विदूषकाच्या तोंडी का?

या सगळ्या रुसव्याफुगव्यांकडे ढुंकूनही न पाहता एक भाषा मराठीची उधारी वागवत राहिली, ती म्हणजे दखनी. हैदराबादी माणसाला चहा विचारला आणि नको असला तर तो 'नहीं' म्हणत नाही, 'नक्को' म्हणतो. उत्तरेकडचा उर्दूवाला याला हसतो. पण हा मराठी 'नको' शतकानुशतकं दखनीच्या तोंडी आहे. ठासून सांगायचं असलं की शब्दाला 'च' जोडायचा: 'वहींच', 'ऐसाइच', 'मैंच बोल्या'. हिंदीतल्या 'ही'चं काम मराठीचा 'च' करतो. 'जाऊं बोलके बोल्या' यातलं 'बोलके' हे आपल्या 'म्हणून'चं आणि तेलुगूतल्या 'अनि'चं सख्खं भावंड. अठराव्या शतकात दक्षिणेतल्या शाह तुराब नावाच्या सूफीनं रामदासांचे मनाचे श्लोक समोर ठेवून दखनीत 'मन समझावन' रचलं. हैदराबादच्या विदुषी सय्यदा जाफर यांनी त्याची प्रत संपादित केली म्हणून आज ते ठाऊक आहे. रामदासी मठात त्याची किती चर्चा झाली, ते विचारू नये.

तर्नाक्याला तेलंगण राज्याचं पुराभिलेखागार आहे. मोगलकालीन फारशी कागदांपासून निजामाच्या खात्यांच्या उर्दू फायलींपर्यंत तिथे लाखो कागद आहेत. आरक्षणासाठी मराठवाड्यातल्या मराठा कुटुंबांच्या कुणबी नोंदी शोधायला महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, आणि तिचा माग अपरिहार्यपणे हैदराबादला गेला. याच आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटलांनी मुंबईत आझाद मैदानात केलेल्या उपोषणानंतर २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियर लागू करण्याचा शासन निर्णय निघाला. बीड-परभणीच्या गावोगाव 'गॅझेट' हा शब्द पारावर पोचला. आपण कोण, हे सांगणारा कागद निजामाच्या कारभारानं करून ठेवलेला. त्यातल्या जुन्या नोंदी मोडीत, फारशीत, उर्दूत. मोडी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, आणि शिकस्ता, म्हणजे घसटत्या वळणाची, उर्दू वाचणारा सापडला तर तो बहुधा जुन्या शहरातल्या एखाद्या गल्लीत सापडतो. मुक्तिसंग्राम दिनाच्या आधी पंधरा दिवस, पणजोबांचं नाव आणि त्यापुढची जात लावून घेण्यासाठी मराठवाड्यातली माणसं त्याच्याकडे कागद घेऊन बसली असली, तर तो चष्मा सरळ करत, ओळीवरून बोट फिरवत त्यांना म्हणत असेल, 'जल्दी नक्को करो.'